फुटाला इंच

दिलेल्या बिंदूतून दिलेल्या चढाची एकच रेषा जाते, हे मी दहावीच्या मुलांना एकतीस वर्षं शिकवलं. ती रेषा समोरच्या पुकळ्यांच्या हॉलमध्ये टीव्हीखाली जाऊन संपते, हे मात्र मला निवृत्त झाल्यावर कळलं. नुसतं कळलं नाही, मी स्वतः त्या रेषेवरून तिथपर्यंत जाऊन आलो. त्याबद्दल मी आज सगळ्या गल्लीचा ऋणी आहे. पण हे वाक्य म्हणायला मला आठ दिवस लागले, म्हणून क्रमानं सांगतो.

गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं नगरपालिकेचा विषय निघणार आहे आणि मला अजून इथंच राहायचंय. विटा आणि वडूज दोन्हीकडं सारख्याच कंटाळ्यात एसटी पोचवते, एवढ्यावर भागवा.

माझ्या आईचा, मुक्ताबाईचा, खुबा मोडला. वय अठ्ठ्याहत्तर. "न्हाणीत पाय घसरला" एवढंच तिनं सांगितलं. सांगलीला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. माझी बायको दीक्षा तिच्यापाशी राहिली आणि मी डॉक्टरांसमोर हात जोडून उभा राहिलो. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या रविवारी घरी न्या. दोन महिने चाकाची खुर्ची. घराला पायऱ्या किती?"

"सात."

"मग रॅम्प करून घ्या. बाराला एक असा चढ ठेवा, जास्त नको."

मी म्हणालो, "कशाला रॅम्प? गल्लीतली चौघं खुर्चीसकट उचलून आत ठेवतील."

आई डोळे मिटून पडली होती. ती तशीच म्हणाली, "चौघांनी उचलायचं आसंल तर मी हितंच ऱ्हाते. चौघं एकदाच उचलत्यात, ते बी बाहेर न्ह्यायला. आत न्ह्यायला न्हाई."

डॉक्टर हसले. दीक्षा हसली नाही, कारण ती आईला ओळखते. अठ्ठ्याण्णव साली साखरेच्या वजनावरून आईचं एका दुकानदाराशी वाजलं, तेव्हापासून आमच्या घरात गुळाचा चहा होतो. दुकानदार वारला, दुकान गेलं, तिथं मोबाईलचं दुकान आलं, तरी आईचा चहा गुळाचाच. तेव्हा रॅम्प होणं भाग होतं.

गावात परतल्यावर मी जोतीराम गवंड्याला बोलावलं आणि त्याला काम सांगायच्या आधी, सवयीनं, धडा शिकवायला घेतला. खडू माझ्या खिशात अजूनही असतो. ओट्याच्या भिंतीवर आकृती काढून म्हणालो, "जोतीराम, आपल्याला दोन गोष्टी माहीत आहेत. एक बिंदू, म्हणजे हा उंबरा, जमिनीपासून बेचाळीस इंच. आणि चढ, म्हणजे बारा इंच पुढं गेलं की एक इंच. बिंदू आणि चढ कळला की रेषा पक्की झाली. तिला हलायला जागा नाही."

"म्हंजी फुटाला इंच," जोतीराम म्हणाला.

"हो, पण..."

"एवढंच व्हय? मग दोरी ताणू की."

दोरी काय कुणीही ताणतं. मी त्याला थांबवून समीकरण मांडलं. वाय वजा वाय-एक बरोबर एम, कंसात एक्स वजा एक्स-एक. हे मी झोपेतही म्हणतो, असं दीक्षाचं म्हणणं आहे. किमती घातल्या. उंबऱ्यापासून गेट तेरा फूट. गेटापाशी रॅम्पची उंची किती? उत्तर आलं पंचावन्न इंच. मी त्याखाली दोन रेघा मारल्या.

जोतीरामनं पंचावन्नकडं पाहिलं, मग गेटाकडं पाहिलं. "सर, गेट चार फुटी हाय. आज्जी गेटाच्या वरनं येत्यात म्हंजी. मग काय, उडी मारायची?"

रेषा उंबऱ्यापासून खाली यायला हवी होती, माझी वर चालली होती. एक ऋण चिन्ह राहिलं होतं. या एका चिन्हासाठी मी एकतीस वर्षांत किती पोरांचा अर्धा-अर्धा गुण कापला असेल, त्याचा हिशेब नाही. त्या सगळ्यांची मी इथं जाहीर माफी मागतो. गुण परत देण्याची सोय बोर्डात नाही.

चिन्ह दुरुस्त केल्यावर खरं संकट पुढं आलं. बेचाळीस इंच खाली यायला, फुटाला इंच या दरानं, बेचाळीस फूट लागत होते. अंगण तेरा फूट. रस्ता पंधरा फूट. उरलेले चौदा फूट समोरच्या अर्जुना पुकळ्यांच्या घरात. ओटा सहा फुटांचा धरला तर आईची खुर्ची जमिनीला टेकणार ती त्यांच्या हॉलमध्ये, बरोबर टीव्हीखाली.

"एवढं उच्च जोतं कशाला घेतलंसा वो?" जोतीरामनं विचारलं.

हा प्रश्न आमच्या गल्लीत विचारायचा नसतो. इकडं रस्ता नवा होतो तो जुन्याच्या उरावर होतो. दर खेपेला रस्ता वर आणि घरं खाली. पुकळे फौजेत असताना त्यांच्या घराला तीन पायऱ्या होत्या, हवालदार होऊन ते परत आले तेव्हा एकही नव्हती. म्हणून नवं घर बांधणारा शेजाऱ्यापेक्षा एक वीट वर जातो. पाणी त्याच्याकडं जावं, आपल्याकडं येऊ नये, एवढाच माफक विचार. आमच्या उजव्या हाताला भाऊसो मेटकरी. धनगराचा माणूस, बाप-आजा मेंढरांमागं फिरले, हा कोइमतूरला जाऊन सोनं गाळायच्या धंद्यात उभा राहिला आणि तेरा वर्षांपूर्वी गावात येऊन त्यानं अडतीस इंचाचं जोतं घेतलं. त्याच साली आम्ही बांधलं. बेचाळीस इंच, म्हणजे बरोबर एक वीट वर.

भाऊसोनं आमचं जोतं बघितलं. पुढच्या आठवड्यात दोन घरांच्या मधे साडेपाच फुटांची भिंत उभी राहिली. भिंत त्याची, खर्च त्याचा, राग दोघांचा. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. ती वीट कुणाच्या सांगण्यावरून चढली, हे मी तेरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

जोतीरामनं बाजूच्या बोळात डोकावून पाहिलं. गेटापासून मागच्या दारापर्यंत सरळ पंचेचाळीस फूट लांबी. पण आमच्या बाजूनं रुंदी जेमतेम अडीच फूट आणि लगेच ती भिंत. खुर्ची शिरली तरी ढकलणाऱ्याची कोपरं सोलून निघाली असती. "हितनं झालं आसतं," तो म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी गल्ली सल्ला द्यायला जमली. एकजण म्हणाला, लिफ्ट बसवा. एकजण म्हणाला, सहा महिने घर भाड्यानं द्या आणि तुम्ही सपाट जागेत भाड्यानं राहा. अर्जुना पुकळ्यांनी मात्र कमरेवर हात ठेवून पाहणी केली. "सर, बाराला एक, हे शेहरातल्या लोकांचं. फौजेत आमी तोफा चढवल्यात. तेरा फुटातच रॅम्प मारा. ढकलायला दम पायजे, बस्स."

तेरा फुटांत बेचाळीस इंच म्हणजे फुटाला सव्वातीन इंच. कागदावर ते फार वाटत नाही, हे गणिताचं मोठं अपयश आहे. "आधी ट्रायल घिऊ," पुकळे म्हणाले. जोतीरामनं सेंट्रिंगच्या फळ्या पायऱ्यांवर टाकल्या. चाकाची खुर्ची मी आजाऱ्यांसाठी वस्तू उसन्या देणाऱ्या आमच्या वाचनालयातून आणून ठेवलीच होती. आत ज्वारीचं पोतं ठेवावं असं जोतीरामचं मत पडलं. पण पोत्याला काय वाटतं ते पोतं सांगत नाही. आई बसणार तिथं आधी मुलानं बसून बघावं, असा एक उदात्त विचार माझ्या मनात आला आणि मी बसलो.

पुकळ्यांनी एका दमात मला वरच्या पायरीपर्यंत नेलं. मी गल्लीकडं तोंड करून बसलो होतो, अध्यक्षासारखा. तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, "काय सर, पाय मोडला काय?" पुकळे सांगायला वळले. फौजी माणसाला हात हलवल्याशिवाय काही सांगता येत नाही. त्यांनी दोन्ही हात हलवले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. गेट उघडं होतं. रस्ता, देवाची म्हणा किंवा वाहतुकीची कृपा, रिकामा होता. पुकळ्यांच्या घराला पायरी नव्हती हे मी मघाशी सांगितलंच. खुर्ची त्यांच्या ओट्यावरून दारातून थेट हॉलमध्ये गेली आणि टीव्हीच्या टेबलाला अलगद टेकून थांबली. पुकळेवहिनी मटकी निवडत मालिका बघत होत्या. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "या सर. च्या ठिवू?"

मागून जोतीराम टेप घेऊन पळत आला. त्यानं उंबऱ्यापासून माप घेतलं होतं. "सर! एक्केचाळीस फूट नऊ इंच! तुमचं गणित बरुबर हाय!"

तीन इंचांची चूक प्रयोगात चालते. माझ्या आयुष्यात समीकरण इतक्या जवळून पडताळायचा योग पहिल्यांदाच आला. चहा साखरेचा होता, पण घेतला.

रॅम्प अंगणात मावत नाही हे सिद्ध झाल्यावर मी नगरपालिकेत गेलो. म्हटलं, रॅम्प अंगणात वळवून घेऊ, वळणाला रस्त्याची चार फूट जागा दोन महिन्यांपुरती द्या. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दिला. अर्जात पायऱ्या, कठडा, टाकी आणि मंडप असे चार रकाने होते. रॅम्प नव्हता. त्यांनी सुचवलं, मंडप लिहा. मंडप लिहिला तर कार्य कोणतं ते लिहावं लागत होतं. कार्यासमोर मी "आई घरी येणे" असं लिहिलं. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि मला आत साहेबांकडं पाठवलं. बाई भल्या होत्या.

साहेबही भलेच होते, हेच अवघड होतं. ते म्हणाले, "सर, रस्त्यावर एक वीट ठेवली तरी अतिक्रमण. मी नाही म्हणत नाही, नियम म्हणतो. पण तुम्ही काळजी कशाला करता? तुमच्या गल्लीचा रस्ता मंजूर आहे. नऊ इंच वर येतोय."

मी तिथंच हिशेब केला. दर पाच वर्षांनी नऊ इंच. पाच खेपांत रस्ता आमच्या उंबऱ्यापर्यंत येतो. पंचवीस वर्षांनी रॅम्पची गरजच नाही. आई तेव्हा एकशे तीन वर्षांची. मी साहेबांचे आभार मानून बाहेर पडलो.

गुरुवारी संध्याकाळी दीक्षाचा फोन आला. रोजचा प्रश्न "झाला का?" तिनं आज विचारला नाही. म्हणाली, "आई म्हणतात, आष्ट्याला मायाच्या घरी जाते. तिथं एकच पायरी आहे." माया माझी बहीण. घर चांगलं, मन मोठं. पण मला ते लागलं. एक घर मी आयुष्यात बांधलं होतं, ते आईसाठी बांधलं होतं, आणि तिला त्यात येता येत नव्हतं. मी मागच्या दाराशी जाऊन बसलो आणि खरं सांगायचं तर डोळे पुसले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून दबका आवाज आला. "मुक्ते... ए मुक्ते. आलीस का गं?"

भाऊसोची आई, तानुबाई. मी उठलो. भिंतीला लागून रंगाचा रिकामा डबा आडवा पडला होता. तो पालथा ठेवून मी वर चढलो आणि पलीकडं पाहिलं. तानुमावशी एका दगडावर उभ्या होत्या. हातात कारळ्याच्या चटणीची वाटी.

"कोन, मास्तर व्हय? तुमी बी डब्यावर चढलासा?"

"मी बी म्हणजे?"

"तुमची आई चढायची की. ती डब्यावर, मी दगडावर. तेरा वर्सं." त्यांनी आवाज आणखी खाली नेला. "गेल्या आठवड्यात मंगळवारी वाटी घ्यायला वाकली आन् डबा कलंडला. मी हिकडं, काय करू? मला म्हनली, न्हाणीत पडले आसं सांगते. न्हाईतर पोरं भिताड आनि वाडवत्याल."

मी डब्यावर तसाच उभा राहिलो. आईच्या त्या "न्हाणीत"चा अर्थ आता लागला. एवढ्यात मागचं दार वाजलं आणि भाऊसो बाहेर आला. तेरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही समोरासमोर आलो, तेही असे, की माझं फक्त मुंडकं त्याच्या भिंतीवर आणि त्याची आई दगडावर.

"आये, तू दगडावर काय करतीस? आन् तुमी वो, सर?"

तानुमावशींनी सगळं पुन्हा सांगितलं, या खेपेला आवाज न दाबता. भाऊसो ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं आईला हात धरून खाली उतरवलं.

मग मीच बोललो. "भाऊसो, ती वीट तुला खाली दाखवायला घेतली नव्हती रे. आईनं घ्यायला लावली. आमचं जुनं घर गावाच्या उताराला, सगळ्यात खाली. पावसाळ्यात अख्ख्या गावाचं पाणी आमच्या चुलीत शिरायचं. मी शाळेत असायचो. ती परातीनं पाणी उपसायची आणि ओल्या चुलीवर भाकरी करायची. नव्या घराला ती म्हणाली, कुणाचं पाणी आता माझ्या चुलीत यायचं न्हाई, सगळ्यांपरास एक वीट वर घे."

"मग तवाच सांगायचं न्हाई व्हय, सर?"

"आईच्या नावावर भांडण ढकलायचं जिवावर आलं."

भाऊसोनं खाली बघत मान हलवली. "मला वाटलं, मास्तर शिकल्यालं, आमी मेंढरांमागचं. दाखवत्यात आमाला. आमच्या आज्जीला तर जोतंच न्हवतं. माळावर जिथं मेंढरं बसली तिथं चूल." मग तो भिंतीवर तळहात ठेवून म्हणाला, "भिताड काडू. माझा बोळ तीन फुटांचा हाय. त्यातला लागंल तेवढा घ्या."

मी म्हणालो, लिहून देऊया काहीतरी. तो म्हणाला, "कशाला लिवायचं? उद्या भांडायचंच ठरलं तर कागद काय आडवा येतोय?" इतकं निर्दोष विधान मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी भिंतीवर पहिला घाव भाऊसोनं घातला, दुसरा पुकळ्यांनी, अपराधी भावनेनं. भिंतीच्याच विटा भरावाला वापरल्या. मी खडू घेऊन पुढं झालो तेव्हा जोतीरामनं माझ्या हातात दोरीचं टोक दिलं आणि म्हणाला, "सर, तुमी बिंदू धरा. चढ मी बगतो." मी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बोट दाबून बसलो. एका बिंदूनं जे करायचं असतं ते मी मनोभावे केलं, हललो नाही.

रॅम्प बेचाळीस फुटांचा व्हायचा होता, पंचेचाळीस फूट जागा होती. तीन फूट उरले. "मधी कुटंतरी सपाट करू, आज्जी दम खातील," जोतीराम म्हणाला. कुठं, असं मी विचारलं, तर त्यानं पाण्याची नळी लावून भाऊसोच्या बाजूच्या दाराची पातळी घेतली आणि तिथं खूण केली. अडतीस इंच. तिथून वर आमच्या मागच्या दारापर्यंत उरले चार फूट, चार इंच चढाचे. माझ्या समीकरणात हा टप्पा नव्हता. तो जोतीरामला सुचला, आणि माझ्या मते त्यालाच पैकीच्या पैकी गुण मिळायला हवेत.

रविवारी दुपारी गाडी आली. कोबा ओला होता म्हणून वर फळ्या टाकलेल्या. दीक्षा खुर्ची ढकलत होती आणि पुकळे मागं चालत होते, दोन्ही हात खुर्चीला लावून, कुणी काही विचारलं तरी उत्तर न देता. आईनं गेटापाशी येऊन बोळाकडं पाहिलं. भिंत नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी न्हाणीचा विषय काढला नाही.

खुर्ची हळूहळू चढत सपाट जागेवर आली. "थांबवा," आई म्हणाली.

भाऊसोच्या बाजूच्या दारातून तानुमावशी बाहेर आल्या. पायरी नव्हती, दगड नव्हता. दोन पावलं सरळ चालत त्या आईच्या खुर्चीपाशी आल्या आणि हातातली वाटी तिच्या मांडीवर ठेवली. दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. तेरा वर्षं त्यांनी एकमेकींचं नुसतं नाकापर्यंतचं तोंड पाहिलं होतं.

"लय वाळलीस गं," तानुमावशी म्हणाल्या.

आईनं वर मागच्या दाराकडं बघून विचारलं, "आनि ह्ये चार फूट कशाचं ऱ्हायलं?"

"ती तुमची वीट, आज्जी," जोतीराम म्हणाला.

आईनं त्या चढाकडं पाहिलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "एका विटंला किती येळ लागतोय? चढंन सावकाश. बस गं तानू."

तानुमावशी तिथंच टेकल्या. दीक्षा आत गेली आणि थोड्या वेळानं गुळाचा चहा घेऊन आली, आधी दोघींना, मग जोतीरामला, पुकळ्यांना, भाऊसोला. मला सगळ्यांचे आभार मानायचे होते. मी दोन वाक्यं जुळवलीही होती, पण चहाच्या गडबडीत ती राहूनच गेली. शेवटचा कप दीक्षानं माझ्या हातात दिला. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी कोपऱ्यातला तो रंगाचा डबा ओढून पालथा घातला आणि त्यावर बसून चहा प्यालो.